२ सप्टेंबर १९३३ च्या अलीकडचे आणि पलीकडचे

आत्याला नागीण झाली तेव्हा भेटायला येणारा प्रत्येकजण एकच विचारायचा, "तोंड कुठंय आणि शेपटी कुठंय?" उजव्या कुशीत, पाठीच्या कण्यापासून निघालेला पाणीभरल्या फोडांचा पट्टा पुढे छातीच्या मध्यापर्यंत आला होता. शेजारच्या काकू तो वितीने मोजायच्या. नागिणीने वेटोळं पुरं केलं, तोंडाला शेपूट टेकलं, की माणूस हाती लागत नाही, ही आपल्याकडची जुनी समजूत. कुणी गेरूचा लेप सांगितला, कुणी मंत्र टाकणाऱ्याचा पत्ता दिला. आत्या एवढंच म्हणायची, "पदर लागला तरी आग होते गं."

ते वेटोळं पुरं होत नाही. लहानपणी कांजिण्या येतात, आठ-पंधरा दिवसांत खपल्या धरतात आणि पोर पुन्हा खेळायला लागतं. आपल्याला वाटतं विषाणू गेला. तो गेलेला नसतो. व्हॅरिसेला झोस्टर नावाचा हा विषाणू नसांच्या आतून मागे सरकत मणक्याला लागून असलेल्या नसांच्या गाठींमध्ये जाऊन बसतो आणि तिथे चाळीस-पन्नास वर्षं गप्प राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती ढिली पडली, की एखाद्या गाठीतला विषाणू जागा होतो आणि त्या एकाच नसेच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. डाव्या अंगाची नस वेगळी, उजव्या अंगाची वेगळी. त्यामुळे पट्टा अंगाच्या एकाच बाजूला उठतो आणि मधल्या रेषेपाशी थांबतो. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या माणसाच्या अंगभर फोड येऊ शकतात. त्या जुन्या समजुतीचं मूळ कदाचित अशाच एखाद्या रुग्णात असेल.

नागीण कातडीवर दिसते म्हणून आपण तिला कातडीचा आजार समजतो. पण तिचं बिऱ्हाड नसांमध्ये असतं, आणि नसांचं सगळं जाळं शेवटी मेंदूला जाऊन मिळतं. गेल्या काही वर्षांत मेंदूच्या संशोधकांनी या विषाणूकडे मान वळवली आहे. त्याला निमित्त झाला एका छोट्या देशातला लसीकरणाचा नियम.

आधी मेंदूचं थोडं. आपल्या डोक्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. कातडी खरचटली तर नवी येते, हाड मोडलं तर जुळतं, पण चेतापेशी एकदा मेली की तिच्या जागी दुसरी येत नाही, असंच धरून चालावं लागतं. अल्झायमर, पार्किन्सन यांसारख्या आजारांत या पेशी हळूहळू, वर्षानुवर्षं झिजून मरत जातात. लक्षणं दिसतात तेव्हा आत बरीच पडझड होऊन गेलेली असते. म्हणून या क्षेत्रात 'बरं करणं' यापेक्षा 'वाचवणं' हा शब्द जास्त ऐकू येतो.

१९०६ साली आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने एका मृत रुग्ण बाईच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्याला दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर साचलेले चिकट थर, आणि पेशींच्या आत गुंतलेल्या धाग्यांच्या गाठी. पहिल्यातल्या प्रथिनाला आज आपण अमायलॉइड म्हणतो, दुसऱ्यातल्याला टाऊ. नंतरची कित्येक दशकं संशोधनाचा मोठा ओघ पहिल्या थराकडे होता : अमायलॉइड धुऊन काढा, मेंदू वाचेल. औषधांमागून औषधं पडली. शेवटी २०२३ साली अमेरिकेत लेकानेमॅबला पूर्ण मान्यता मिळाली. तेव्हा दर दोन आठवड्यांनी सलाइनमधून द्यावं लागणारं हे औषध अमायलॉइड खरोखर धुऊन काढतं. सुमारे १,८०० रुग्णांच्या चाचणीत १८ महिन्यांत आजाराची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. ऐकायला बरं वाटतं, पण १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक ०.४५ गुणांचा होता, आणि दर आठातल्या एका रुग्णाच्या मेंदूत सूज दिसली. काहीच हाताशी नव्हतं त्यापेक्षा हे नक्की बरं. तीस वर्षांच्या खटाटोपाचं फळ म्हणून मात्र मला ते थोडंसंच वाटतं.

दुसरीकडे वर्तमानपत्रं आहेतच. अक्रोड खा, शब्दकोडी सोडवा, अमुक लस घेतली की विस्मरण टळतं. यातलं खरं काय हे ओळखणं इतकं अवघड का असतं?

आमच्या सोसायटीत दरवर्षी फ्लूच्या लशीचं शिबिर भरतं. तिथे रांगेत पहिले कोण असतात? सकाळी सहाला पट्टीचे बूट घालून फिरायला जाणारे, रक्तदाबाची वही ठेवणारे, मुलगा परदेशातून रोज फोन करून आठवण करतो असे काका. आणि कोण येत नाहीत? घराबाहेर पडायला भितात ते, हाताशी कुणी नाही असे, आणि शिबिर आज आहे हेच ज्यांच्या लक्षात राहत नाही असे. दहा वर्षांनी मोजलं तर लस घेतलेल्यांमध्ये विस्मरणाचे रुग्ण कमी निघणारच. त्यात लशीचा वाटा किती आणि काकांच्या वहीचा किती, हे कोण सांगणार? शिवाय ज्यांच्या मेंदूत आजाराने आधीच पाय रोवलेला होता ते लस घ्यायला पोचलेच नाहीत. म्हणजे लस न घेतल्यामुळे आजार, असं दिसतं तिथे आजारामुळे लस राहिली, असं असू शकतं.

या घोळातून सुटायचा एकच खात्रीचा मार्ग : नाणं उडवायचं. छापा आला त्याला लस, काटा आला त्याला नुसतं मिठाचं पाणी. मग दोन्ही गटांत वही ठेवणारे काका सारखेच येतात. पण विस्मरण यायला वर्षं लागतात. हजारो म्हाताऱ्या माणसांवर सात-आठ वर्षं अशी चाचणी चालवायची तर खर्च अफाट, आणि तो करणार कोण?

वेल्समध्ये हे नाणं सरकारच्या हातून नकळत उडवलं गेलं.

वेल्स हा ब्रिटनचा पश्चिमेकडचा भाग, लोकवस्ती जेमतेम तीस लाख. १ सप्टेंबर २०१३ पासून तिथे नागिणीची लस सरकारी खर्चाने देणं सुरू झालं. ती होती झोस्टाव्हॅक्स, म्हणजे जिवंत पण अशक्त केलेल्या विषाणूची लस. साठा मर्यादित होता, आणि ऐंशीच्या पुढे तिचा तितकासा उपयोग होत नाही असा हिशेब होता. म्हणून नियम केला : २ सप्टेंबर १९३३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना टप्प्याटप्प्याने लस मिळेल. त्याआधी जन्मलेल्यांना मिळणार नाही. या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही.

समजा एकाच गल्लीतले दोन म्हातारे आहेत. एकाचा जन्म २८ ऑगस्ट १९३३ चा, दुसऱ्याचा ४ सप्टेंबरचा. शाळा एक, लढाईच्या काळातलं रेशन एक, डॉक्टर एक, बहुधा गुत्ताही एक. पहिला दुसऱ्यापेक्षा कमी व्यायाम करतो किंवा जास्त सिगारेटी ओढतो असं मानायला काही कारण नाही. आठवडाभराच्या वयाने मेंदूत फरक पडत नाही. फरक एकच : एकाला लस मिळू शकते, दुसऱ्याला नाही. आकडे तर फारच ठसठशीत आहेत. एका आठवड्याने हुकलेल्यांपैकी लस घेतलेले होते ०.०१ टक्के, म्हणजे जवळजवळ कुणीच नाही. आठवड्याने अलीकडच्यांपैकी ४७.२ टक्के.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले पास्कल गेल्डसेत्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हे लक्षात आलं. वेल्सच्या आरोग्यनोंदी नावं काढून टाकून स्वान्सी विद्यापीठाच्या साठ्यात नीट ठेवलेल्या असतात. त्यातून विस्मरणाच्या आजाराचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं (अल्झायमर हा त्याचा सगळ्यात मोठा प्रकार), निदान आधी न झालेल्या २ लाख ८० हजारांहून अधिक वृद्धांच्या नोंदी त्यांनी घेतल्या आणि पुढची सात वर्षं कुणाला काय झालं ते पाहिलं. एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात निष्कर्ष आला. लस घेतल्याने सात वर्षांत स्मृतिभ्रंशाचं नवं निदान होण्याची शक्यता ३.५ टक्के-बिंदूंनी घटली. म्हणजे लस घेतलेल्या दर शंभरांमागे साडेतीन निदानं कमी. वेगळ्या शब्दांत, एरवी ज्या शंभरांना निदान झालं असतं त्यातले साधारण वीस जण वाचले.

असं काही वाचलं की माझी पहिली प्रतिक्रिया "काहीतरी गोम असणार" अशी असते. संशोधकांचीही तीच होती. मग गोम शोधायला त्यांनी काय केलं, हा मला या कामातला सगळ्यात देखणा भाग वाटतो. आधी साधी गोष्ट : लशीने नागीण तरी कमी झाली का? झाली, सात वर्षांत सुमारे ३७ टक्क्यांनी. लशीच्या मूळ चाचण्यांवरून जेवढी अपेक्षा होती, साधारण तेवढीच. म्हणजे मोजपट्टी बरोबर होती. मग विचारलं, जन्मतारखेच्या रेषेच्या अलीकडच्या लोकांनी इतर लशी जास्त घेतल्या का, मधुमेह किंवा हृदयविकार त्यांच्यात कमी होता का, शिक्षणात फरक होता का? नव्हता. पुढच्या वर्षांत त्यांना इतर आजार कमी झाले का? तेही नाही. वही ठेवणाऱ्या काकांमुळे फरक पडला असता तर तो सगळ्याच आजारांत थोडाथोडा दिसला असता. इथे तो दिसला नागिणीत आणि स्मृतिभ्रंशात. आणि त्याच जन्मतारखेला धरून सरकारने दुसरी कुठली सवलत दिली होती का? तीही नव्हती.

एक गोष्ट मात्र कुणाला नीट उलगडलेली नाही. हा फायदा बायकांमध्ये बराच जास्त दिसला, पुरुषांत कमी. बायकांचं शरीर लशींना सहसा जास्त जोरकस प्रतिसाद देतं आणि नागीणही त्यांना जास्त होते, एवढं माहीत आहे.

पुढे ऑस्ट्रेलियात तसाच वयाचा नियम सापडला. तिथे नोव्हेंबर २०१६ पासून ७० ते ७९ वयाच्यांना ही लस मोफत होती आणि ऐंशी पूर्ण झालेल्यांना नव्हती. तिथेही रेषेच्या दोन बाजूंना तोच फरक दिसला. वेगळा देश, वेगळं दफ्तर, वेगळी तारीख. योगायोग म्हणून सोडून द्यायला हे आता जड जातं.

मग लस मेंदूला वाचवते कशी? इथे पक्कं उत्तर नाही, पण तीन वाटा आहेत आणि तिन्ही रंजक आहेत.

पहिली वाट सरळ आहे. गाठीत बसलेला विषाणू मोठी नागीण न उठवताही अधूनमधून चुळबुळ करतो. दर खेपेला शरीराचे पहारेकरी धावतात, दाह होतो. मेंदूतल्या पहारेकरी पेशींचं नाव मायक्रोग्लिया. त्यांचं काम झाडलोट करण्याचं, पण सतत हुसकावल्या गेल्या तर त्या आसपासच्या धडधाकट चेतापेशींनाही इजा करतात. शिवाय हा विषाणू मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत शिरू शकतो. नागिणीनंतर काही काळ पक्षाघाताचा धोका वाढलेला असतो तो बहुधा त्यामुळेच. लस त्याची चुळबुळ कमी करते, म्हणजे हा सगळा ताप कमी.

दुसरी वाट शेजाऱ्यावरून जाते. ओठावर तापाचे फोड येतात ते ज्याच्यामुळे, तो हर्पीस सिम्प्लेक्स विषाणू याच घराण्यातला. १९९१ मध्ये मँचेस्टरच्या रूथ इत्झाकी यांच्या गटाला म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूत त्याचे अंश सापडले आणि त्या हे सांगत राहिल्या, तेव्हा फार थोड्यांनी ऐकलं. २०२२ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेंदूच्या ऊतींमध्ये दिसलं की नागिणीचा विषाणू आला की निपचित पडलेला सिम्प्लेक्स जागा होतो, आणि मग अमायलॉइड आणि टाऊ साचायला लागतात. हार्वर्डचे रॉबर्ट मॉयर आणि रुडॉल्फ टान्झी यांनी तर त्याआधीच दाखवलं होतं की अमायलॉइड जंतूंना पकडून मारू शकतं. म्हणजे ज्याला आपण इतकी वर्षं कचरा समजत होतो ते कदाचित घराला लावलेलं कुंपण असेल, जे वाढत वाढत घरातच शिरलं.

तिसऱ्या वाटेत नागिणीचा विषाणू बाजूलाच राहतो. जिवंत लशी शरीराच्या संरक्षणाला एकूणच तालमीत घालतात असं दिसतं. त्या विशिष्ट जंतूशी लढायला तर शिकवतातच, पण म्हातारपणी सुस्तावलेल्या सगळ्या फळीलाच थोडी शिस्त लावतात. तुमच्या-माझ्या डाव्या दंडावर बीसीजीचा जो वण आहे, त्या लशीबद्दलही हाच प्रश्न विचारला जातोय.

या वाटा कागदावर फार सुरेख दिसतात, म्हणून एक पडलेला प्रयोग सांगायला हवा. विषाणूमुळे नुकसान होत असेल तर विषाणूविरोधी गोळ्या देऊन पाहू, असं म्हणून अमेरिकेत सुरुवातीच्या टप्प्यातल्या १२० अल्झायमर रुग्णांवर व्हॅलासायक्लोव्हिरची चाचणी झाली. नाणं उडवून, सुमारे दीड वर्षं. २०२५ मध्ये निकाल आला : गोळ्यांनी घसरण मंदावली नाही. कदाचित तोवर उशीर झालेला असतो. आग लागल्यावर काडेपेटी काढून घेतली तरी घर जळतंच. किंवा मग पहिल्या दोन वाटाच चुकीच्या असतील. आज दोन्ही शक्यता उघड्या आहेत.

आणखी एक गुंता. वेल्समधल्या लोकांनी घेतलेली ती झोस्टाव्हॅक्स आता बऱ्याच देशांत मिळतच नाही. तिची जागा शिंग्रिक्सने घेतली, जी नागीण रोखण्यात कितीतरी सरस आहे. तिच्यात जिवंत विषाणू नसतो. विषाणूचं एक प्रथिन असतं आणि शरीराला खडबडून जागं करणारं एक सहायक द्रव्य. त्यातला एक घटक चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून काढतात. ती साल पाण्यात घुसळली की आपल्या रिठ्यासारखा फेस येतो. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या नोंदी पाहिल्या. ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झालाच, त्यांच्यातही नवी लस घेतलेल्यांना जुनी घेतलेल्यांपेक्षा निदानाविना सरासरी १६४ दिवस जास्त मिळाले. पुढे तेच सहायक द्रव्य असलेली आरएसव्ही या श्वसनविषाणूची लस घेतलेल्यांतही निदानं कमी आढळली. नागिणीशी त्या लशीचा काही संबंध नाही. म्हणजे पुन्हा तिसऱ्या वाटेकडे बोट. अर्थात हे सगळे नोंदींचे अभ्यास आहेत. वेल्ससारखी धारदार रेषा यांत नाही.

वेल्सच्या निष्कर्षानंतर गेल्डसेत्सर जुन्या लशीची नाणं उडवून केलेली खरी चाचणी व्हावी म्हणून देणग्या जमवायच्या प्रयत्नाला लागले. ज्या लशीतून कुणाला नफा व्हायचा नाही तिच्यावर कंपन्या पैसा लावत नाहीत, ही या गोष्टीतली मला सगळ्यात खटकणारी बाजू. हजारो लोकांवर काही वर्षं नजर ठेवायचा खर्च कुणीतरी उचलावा लागतो.

आपल्या देशात साठीपुढच्यांपैकी सुमारे ७.४ टक्क्यांना, म्हणजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये चौदा गोष्टींची यादी दिली, ज्या सगळ्या सांभाळल्या तर जगातले ४५ टक्क्यांपर्यंत स्मृतिभ्रंश टळतील किंवा पुढे ढकलले जातील. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, प्रदूषण, एकटेपणा. लस अजून त्या यादीत नाही. ऐकू कमी येणं मात्र आहे, आणि आपल्याकडे हेच सगळ्यात जास्त थट्टेवारी नेलं जातं. कानाला मशीन लावायला म्हाताऱ्या माणसाला लाज वाटते, मग तो हळूहळू गप्पांतून उठून जातो, आणि घरचे म्हणतात, "आबांचं हल्ली लक्षच नसतं."

शिंग्रिक्स भारतात २०२३ पासून मिळते, पन्नाशीपुढच्यांसाठी, दोन डोस, खर्च ज्याचा त्याने करायचा. ती मेंदूसाठी घ्या असं आज कुठलाही जबाबदार डॉक्टर सांगणार नाही. नागिणीसाठी मात्र सांगेल. फोड गेल्यावरही महिनोन्‌महिने मागे राहणारी ती नसेची आग ज्याने घरात पाहिलीये, त्याला वेगळं कारण लागत नाही.

आत्याला मी हे सगळं सांगितलं. वेल्सच्या दोन म्हाताऱ्यांची गोष्ट तिला भारी आवडली. मग म्हणाली, "पण मला तर होऊन गेली. आता घेऊन काय?" एकदा झाली तरी पुन्हा होऊ शकते, म्हणून होऊन गेलेल्यांनाही लस सांगतात, असं मी म्हटलं. दोन्ही डोसांची किंमत विचारली, ऐकली, आणि बराच वेळ काही बोलली नाही. उठताना फक्त म्हणाली, "अण्णांना शेवटची दोन वर्षं माझं नाव आठवत नव्हतं. विचार तू डॉक्टरांना."